ऑक्सफर्ड कालव्यावर नॅरोबोट: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये भाड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची लांब अरुंद बोट, चालवायला कुठलाही परवाना लागत नाही. बोट घेणारी व्यक्ती साधारणपणे १८ वर्षांवरची असावी लागते, बोट ताब्यात देताना तासभर शिकवतात, आणि त्यानंतर १५ ते १८ टन लोखंड तुमच्या हाती येतं. तो तास पुरतो, पण कशासाठी काय करायचं हे आधीच समजलेलं असेल तरच. नाहीतर पहिल्या लॉकशी (बोट वर-खाली नेणाऱ्या, दरवाजे असलेल्या टाकीशी) पोचेपर्यंत निम्मं विसरायला होतं. म्हणून हा लेख निघायच्या आठवडाभर आधी वाचावा, आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावावा. बोट एकटा माणूस चालवत नसतो.

मार्ग आम्ही मुद्दाम एकच घेतला आहे: ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिणेकडचा भाग, बॅनबरी ते ऑक्सफर्ड, आणि शेवटी थेम्स नदीचा छोटा फेरा. अरुंद लॉक, उचलते पूल, मैलभर चेरवेल नदी आणि मग खरी मोठी नदी, असं सगळं सुमारे २७ मैलांत येतं. हा कालवा १७७८ मध्ये बॅनबरीपर्यंत आला आणि ऑक्सफर्डला पोचायला १७९० उजाडलं. पैसे कमी पडत होते, त्यामुळे पुढच्या बांधकामात काटकसर झाली: दगडी पुलांऐवजी जागोजागी लाकडी उचलते पूल, काही लॉकना खालच्या बाजूलाही दोनऐवजी एकच दरवाजा, आणि एका ठिकाणी वेगळा कालवा खणण्याऐवजी सरळ नदीचंच पात्र. त्या काटकसरीचे परिणाम आज सुकाणू धरणाऱ्याला भोगावे लागतात, ते पुढे येईलच.

आधी गणित

नवख्यांच्या सहली बिघडतात त्या बहुतेक वेळा नकाशावर, घरी बसूनच. २७ मैल म्हणजे ४३ किलोमीटर, मोटारीने पाऊण तास. बोटीला तेच अंतर दोन-तीन दिवसांचं आहे. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल असली तरी बांधलेल्या बोटी, वळणं आणि उथळ पाणी धरून प्रत्यक्षात सरासरी ताशी ३ मैलांहून कमीच पडते. त्यात प्रत्येक लॉकला १५ ते २० मिनिटं.

हिशोब सोपा आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिला ३ ने भागा. येतील तितके तास. बॅनबरी ते ऑक्सफर्ड २७ मैल आणि १८ लॉक (क्रमांक २९ ते ४६), म्हणजे ४५ भागिले ३, एकूण १५ तास. पहिल्या दिवशी लॉकला २५ मिनिटंही लागतात, तेव्हा त्या दिवशी आलेल्या उत्तरात तासभर वाढवा.

दिवसाला पाच तास चालवणं सुखाचं, सहा ठीक. आठ तास धरून आखणी केली की तिसऱ्या दिवशी घरातल्या घरात भांडणं सुरू होतात, आणि दमलेल्या माणसाच्या हातून लॉकमध्ये चूक होते. भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला सहसा मनाई असते, त्यामुळे 'रात्री थोडं पुढे जाऊ' हा पर्यायही नाही.

सुरुवात लोअर हेफर्डहून करा. हेफर्ड रेल्वे स्टेशन ऑक्सफर्ड–बॅनबरी मार्गावर आहे आणि कालव्याला अगदी लागून आहे, सामान उचलून लांब चालावं लागत नाही. सोमवार ते शुक्रवार अशा चार रात्री असतील तर लोअर हेफर्ड–ऑक्सफर्ड–थेम्स फेरा–परत, एकूण सुमारे १७ तास. पूर्ण आठवडा असेल तर परतल्यावर तसंच पुढे बॅनबरीला जाऊन या, ते आणखी १३–१४ तास. बोट वळवायला बॅनबरीत जागा आहे आणि मुक्कामाजवळ दुकानंही. तिथे टूलीज बोटयार्डची जुनी सुकी गोदी आहे, ती जरूर बघा.

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. ऑगस्टमध्ये लॉकपाशी रांगा लागतात. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्याचे भाग बंद ठेवतात. निघायच्या आधी आणि वाटेतही कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर त्या मार्गाच्या सूचना पाहा. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे ही संस्था सांभाळते. कोरड्या उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून आणि पावसाळी आठवड्यात नदीला पूर म्हणून, अशा दोन्ही कारणांनी या कालव्याची वाट बंद होऊ शकते. म्हणून आठवड्यात एक दिवस मोकळा ठेवा.

कुठली बोट

नॅरोबोटची रुंदी ठरलेली, ६ फूट १० इंच, कारण लॉक ७ फुटांचे. लांबी ७० फुटांपर्यंत असते. चार माणसांना ५० ते ५७ फुटांची बोट पुरते. जाहिरातीतलं '४ + २' म्हणजे चार जणांना नीट पलंग आणि दोघांना बैठकीच्या जागेचा रोज मांडायचा-मोडायचा पलंग. सहा मोठी माणसं अशा बोटीत आठवडाभर राहिली तर अडचण होते, हे आधीच मान्य करून ठरवा.

मागचा भाग कसा आहे ते विचारा. मोकळा, चौकोनी 'क्रूझर' प्रकारचा असेल तर सुकाणूपाशी तिघं-चौघं उभे राहू शकतात. 'ट्रॅडिशनल' प्रकारात जेमतेम एकाला जागा, आणि मग बाकीचे पुढे बसतात व मागच्याची हाक कुणाला ऐकू येत नाही. कुटुंबाला क्रूझरच बरी.

ताब्यात घेताना या गोष्टी हाताने करून बघा, नुसत्या ऐकू नका: इंजिन सुरू आणि बंद करणं, ऑइलची पट्टी काढून वाचणं, स्टर्न ग्लँडचा (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या भागाचा) ग्रीसचा हँडल फिरवणं, वीड हॅच (बोटीखालच्या पंख्यापर्यंत हात पोचवायचं झाकण) उघडून बंद करणं, गॅसचा कॉक, पाण्याच्या टाकीचं झाकण. मोजूनही घ्या: विंडलस किमान दोन (हे लॉक चालवायचं एल आकाराचं लोखंडी हँडल), जमिनीत ठोकायच्या मेखा आणि हातोडी, काठाच्या पत्र्याला अडकवायचे आकडे, लांब काठी, आखूड फळी, पाण्याची नळी, कॅनल अँड रिव्हर ट्रस्टची किल्ली. ही किल्ली पाण्याचे नळ, शौचालयं आणि वाटेतल्या थ्रप गावच्या विजेवरच्या उचलत्या पुलाला लागते. तिला बुचाचा तरंगता गोळा आहे ना ते बघा. लाइफ जॅकेट बहुतेक ठिकाणी मागितल्यावर देतात. मुलांसाठी आणि पोहता न येणाऱ्यांसाठी नक्की मागा, आणि नदीवर सगळ्यांनीच घाला.

सुकाणू

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. खरी अडचण दुसरीच आहे: बोट मधोमध असलेल्या बिंदूभोवती फिरते. पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं टोक तितकंच डावीकडे झोकतं. त्यामुळे बांधलेल्या बोटीला वळसा घालताना पुढचं टोक सुटलं म्हणून निर्धास्त होऊ नका, शेपूट जाऊन आपटते. दांडा थोडा हलवा, वाट बघा, आणि बोट वळायला लागली की लगेच परत मधे आणा. बोट उशिरा ऐकते आणि मग ऐकतच राहते.

सुकाणू चालतं ते पंख्याने मागे फेकलेल्या पाण्यावर. इंजिन न्यूट्रलमध्ये टाकलंत की सुकाणू जवळपास मेलं. वळणावर घाबरून वेग काढून घेतला की बोट सरळ झाडीत जाते ती याच कारणाने. तिथे उलट क्षणभर थोडा जोर द्यावा लागतो. रिव्हर्समध्ये सुकाणू चालतच नाही, बोट तिला हवं तिकडे जाते. ब्रेक नाहीत, थांबायला रिव्हर्सच, आणि त्याला बोटीच्या लांबीएवढं तरी अंतर धरा. रिव्हर्स घेताना दांड्याच्या फिरण्याच्या टप्प्यात उभं राहू नका. तळाला काही अडकलं तर दांडा झटक्याने फिरतो आणि माणसाला पाण्यात फेकतो.

समोरून बोट आली की उजवीकडे व्हायचं. रस्त्यावर डावीकडून चालायची सवय असल्याने हे गडबडीत उलटं होतं. फार लवकर काठाकडे सरकू नका, तिथे गाळ असतो. अंतर कमी होईतो मधून चला, मग हलकेच बाजूला व्हा. बांधलेल्या बोटींच्या रांगेजवळून जाताना इंजिन अगदी मंद करा, पहिल्या बोटीच्या खूप आधीपासून. वेगाने गेलात तर तुमच्यामागे ओढलं जाणारं पाणी त्यांच्या मेखा उपटतं. मागे वळून पाहा: काठावर लाट फुटत असेल तर वेग जास्त आहे, मर्यादेच्या आत असला तरीही. उथळ कालव्यात जास्त जोर देऊन बोट पुढे जात नाही, फक्त मागचा भाग खाली बसतो आणि डिझेल जळतं.

आंधळ्या वळणावर आणि पुलाच्या अरुंद कमानीआधी एक लांब भोंगा द्या. वारा असेल तर थोडा जास्त वेग ठेवावा लागतो, बोटीची भिंत उंच आहे. बोट वळवायची ती फक्त नकाशात दाखवलेल्या रुंद खाचांमध्ये: पुढचं टोक खाचेत घाला आणि मागचा भाग फिरू द्या.

लॉक

इथे सावकाश वाचा. कालव्यावरचे गंभीर अपघात बहुतेक इथेच होतात, आणि ते टाळायला ताकद लागत नाही, क्रम लागतो.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली अरुंद टाकी. वरच्या टोकाच्या झडपांतून पाणी आत येतं, खालच्या टोकाच्या झडपांतून बाहेर जातं. या झडपांना पॅडल म्हणतात. त्या विंडलसने वर उचलायच्या. लोअर हेफर्डहून ऑक्सफर्डकडे जाताना तुम्ही सगळ्या लॉकमधून खाली उतरता.

उतरतानाचा क्रम:

१. लॉकच्या बरंच आधी एका माणसाला उतरवा. समोरून कुणी वर येतंय का ते पाहा. लॉक रिकामा असेल आणि खालून बोट येत असेल तर तिचा हक्क पहिला. भरलेला लॉक उगाच रिकामा करणं म्हणजे एका वेळी लाखभर लिटरहून जास्त पाणी फुकट घालवणं.

२. खालचे दरवाजे आणि पॅडल बंद असल्याची खात्री करा. वरची पॅडल उचलून लॉक भरा. पातळी सारखी झाल्याशिवाय दरवाजा हलत नाही. तोवर ढकलून कंबर मोडून घेऊ नका. पातळी जुळली की एका माणसाच्या पाठीच्या रेट्याने तो उघडतो.

३. बोट आत घ्या, वरचा दरवाजा लावा, वरची पॅडल खाली करा.

४. आता थांबा आणि मागे पाहा. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा असतो. लॉक भरलेला असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. तो कुठवर येतो हे भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेने दाखवलेलं असतं. बोटीचं सुकाणू त्या रेघेच्या बरंच पुढे हवं.

५. खालची पॅडल आधी अर्धी उचला. बोट सरळ उतरते आहे असं दिसलं की पूर्ण.

६. पाणी खाली गेलं की खालचे दरवाजे उघडून बोट बाहेर काढा. दरवाजे लावा, सगळी पॅडल खाली आहेत ना ते पाहा, आणि मग निघा.

चौथी पायरी का महत्त्वाची? मागचं टोक उंबऱ्यावर राहिलं तर पाणी उतरताना ते तिथेच अडकतं आणि पुढचं टोक खाली जात राहतं. मिनिटभरात पुढच्या दारातून पाणी आत शिरतं आणि बोट बुडते. असं काही दिसलं की ओरडा, खालची पॅडल ताबडतोब पाडा, आणि मग वरची हळूहळू उचलून पाणी परत भरा. म्हणूनच पॅडलपाशी उभ्या माणसाने फोन खिशात ठेवायचा आणि बोटीवर नजर ठेवायची. सुकाणूवरच्याने हात वर केल्याशिवाय कुणी पॅडलला हात लावायचा नाही, असा घरचा नियम करा.

दुसरी चूक म्हणजे दोरी बांधून ठेवणं. लॉकमध्ये दोरी कधीही गाठ मारून बांधायची नाही. पाणी उतरल्यावर बोट दोरीला लटकते. अरुंद लॉकमध्ये बहुतेक वेळा दोरी लागतच नाही, इंजिन मंद पुढे-मागे करून बोट जागेवर राहते.

वर चढताना धोका बदलतो. येणारं पाणी बोटीला आधी पुढे-मागे ओढतं. पुढचं टोक वरच्या दरवाजाच्या आडव्या लाकडाखाली अडकलं तर पुढून पाणी आत येतं. वरच्या बाजूला जमिनीतलं आणि दरवाजातलं अशी दोन्ही प्रकारची पॅडल असतील तर आधी जमिनीतलं उघडा. दरवाजातलं घाईने उघडलं तर धबधबा सरळ पुढच्या डेकवर पडतो. चढतानाही अर्धं, थांबून मग पूर्ण.

विंडलस पॅडलच्या दांड्यावर ठेवून बाजूला होऊ नका. खटका निसटला तर ते गरगर फिरत उडतं आणि जबडा फोडतं. पॅडल खाली करताना हँडल धरून फिरवत आणा. लॉकच्या काठाने पळायचं नाही, आणि दरवाज्यावरून पलीकडे उडी मारायची नाही, विशेषतः ओल्यात. बोट भिंतीला लागत असेल तर लागू द्या. हात किंवा पाय मधे घालून १५ टन थांबत नाहीत.

या मार्गावरचे दोन लॉक वेगळे आहेत. एन्हो वेअर आणि शिप्टन वेअर या लॉकचा आकार शंकरपाळ्यासारखा आहे, मधे फुगलेला. एन्होचा उतार जेमतेम फूटभर, पण त्याच्या पुढचा सॉमर्टन डीप लॉक १२ फूट खोल. त्याला लागणारं पाणी फूटभर उताराच्या अरुंद लॉकमधून येणार कुठून, म्हणून लॉकच रुंद केला. रुंद जागेत बोट आडवी होते, तेव्हा तिथे मात्र मधली दोरी हातात धरून ठेवा. सॉमर्टनला खालून शिरताना भिंत अंगावर येते. घाबरू नका, फक्त पॅडल आणखी सावकाश उघडा. एन्होपाशी चेरवेल नदी कालव्याला आडवी छेदते, त्यामुळे पावसानंतर बोट बाजूला ढकलली जाते. वेग थोडा वाढवून ओलांडा.

उचलते पूल

बरेचसे कायम उघडेच ठेवलेले असतात. मिटलेला दिसला तर आधी माणूस उतरवा, मग बोट जवळ आणा. पूल उचलल्यावर तुळईवर एकाने बोट पूर्ण बाहेर पडेपर्यंत बसून राहायचं. हलका झालेला पूल खाली येऊन सुकाणूवाल्याच्या डोक्यावर बसू शकतो. उचललेली फळी कालव्याच्या बाजूला झुकलेली असते, तेव्हा बोट पलीकडच्या काठाला धरून न्या. नाहीतर केबिनचा कोपरा आपटतो.

नदीचा मैल

बेकर्स लॉक (४०) ओलांडला की तुम्ही चेरवेल नदीत उतरता आणि सुमारे मैलभराने शिप्टन वेअर लॉकपाशी (४१) पुन्हा कालव्यात येता. दोन्ही टोकांना पातळीची रंगीत पट्टी आहे: हिरवा असेल तर जा, पिवळ्यावर सावध, लाल असेल तर बोट बांधून ठेवा आणि चहा करा. लाल पट्टीत गेलात तर विमाही तुमच्या बाजूने नसतो, आणि प्रवाह बोटीला बंधाऱ्याकडे खेचतो.

ऑक्सफर्डकडे जाताना प्रवाह पाठीशी असतो. त्याचा अर्थ बोट थांबायला जास्त अंतर लागतं, आणि सुकाणूला पकड हवी तर पाण्यापेक्षा जास्त वेग ठेवावा लागतो. नदी नागमोडी आहे, वळणं आधीच घ्यायला लागा. शिप्टन वेअर जवळ आलं की लवकर वेग कमी करा, आणि माणूस उतरवण्याची घाई न करता बोट नीट काठाला लावा.

थेम्सचा फेरा

थ्रपपासून ऑक्सफर्डपर्यंत पुढच्या काही मैलांत बांधलेल्या राहत्या बोटींच्या लांब रांगा आहेत, सगळा वेळ मंद चालावं लागतं. हिशोबात तासभर जास्त धरा. जेरिको भागात मुक्कामाच्या जागा मोजक्या, दुपारी दोन-तीनपर्यंत पोचलात तर मिळतात. शिधा संपला असेल तर काउली रोडवर भारतीय सामानाची दुकानं आहेत.

आयसिस लॉकमधून (४६) खाली उतरून उजवीकडे वळलं की शीपवॉश चॅनल, आणि त्याच्या टोकाला थेम्स. तिथे पुन्हा उजवीकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर. पोर्ट मेडोचं विस्तीर्ण कुरण, गॉडस्टो लॉक, किंग्ज लॉक, आणि तो ओलांडल्यावर लगेच ड्यूक्स कट या जोडकालव्याचं तोंड. त्यातून ड्यूक्स लॉकपाशी (४४) पुन्हा ऑक्सफर्ड कालव्यात. एवढा फेरा दोन-तीन तासांचा. प्रवाहाविरुद्ध जाणं नवख्याला सोपं पडतं, कारण बोट थांबवायची असेल तेव्हा नदीच मदत करते. उलट दिशेने करू नका.

थेम्स एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या अखत्यारीत आहे, तिथे वेगळा परवाना लागतो. भाड्याच्या बोटीला नदीवर जायची मुभा आहे का, परवाना कोण काढणार, आणि नांगर बोटीवर आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. नांगर साखळीसह बोटीला जोडून, हाताशी तयार हवा. इंजिन बंद पडलं तर बंधाऱ्यापासून वाचवणारी तीच एक वस्तू आहे. लॉकवर लाल फलक म्हणजे जोरदार प्रवाह, जाऊ नये. पिवळा फलक म्हणजे प्रवाह वाढतो किंवा ओसरतो आहे.

इथल्या लॉकची रीत कालव्याच्या उलट आहे. लॉक मोठे असतात, हंगामात लॉककीपर असतो आणि तो सांगेल ते करायचं. आत गेल्यावर इंजिन बंद, आणि पुढून-मागून दोन दोऱ्या खुंटाभोवती एक वेढा देऊन हातात धरायच्या. गाठ इथेही नाहीच.

बोट बांधणं

ज्या काठाने पायवाट जाते त्या बाजूला, पाटी नसेल तिथे, कालव्यावर मुक्काम फुकट असतो. लॉकचं तोंड, पूल, वळण, पाण्याचा नळ आणि वळायची खाच एवढ्या जागा सोडा. काठाला लोखंडी पत्रा असेल तर आकडे अडकवा, ते मेखांपेक्षा कितीतरी भरवशाचे. माती असेल तर मेख बोटीपासून दूर कललेली ठोका, आणि तिच्यावर पांढरी पिशवी बांधा म्हणजे सायकलवाला अडखळणार नाही. पुढची दोरी पुढे तिरकी, मागची मागे तिरकी, साधारण ४५ अंशांत. सरळ काटकोनात बांधलेली बोट प्रत्येक जाणाऱ्या बोटीबरोबर पुढे-मागे हिंदकळते. मधली दोरी छतावरून येते. ती रात्री बांधून ठेवली तर बोट कलंडते, म्हणून ती फक्त थांबण्यापुरती.

बिघाड, आणि रोजची पाच मिनिटं

सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी ऑइल आणि कूलंट पाहा, संध्याकाळी थांबल्यावर स्टर्न ग्लँडचा ग्रीसचा हँडल हाताला अडेपर्यंत फिरवा. ग्रीस नसेल तर पंख्याच्या दांड्याभोवतून पाणी थेंबथेंब आत येतं.

बोट एकदम मंदावली, इंजिनाचा आवाज जड झाला, काळा धूर आला, की पंख्याला काहीतरी गुंडाळलं आहे: प्लॅस्टिक, दोरी, क्वचित साडीएवढं कापड. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला, मगच वीड हॅच उघडा आणि सुरीने कापून काढा. झाकण परत नीट आवळून बसवा. ते सैल राहिलं आणि इंजिन सुरू केलं तर पंखा स्वतःच पाणी आत भरतो आणि बोट बुडते. निम्म्या वेळा पंख्याला लागते ती आपलीच मागची दोरी, म्हणून ती नेहमी गुंडाळून वर ठेवा.

गाळात रुतलात तर पुढे जोर देऊ नका, आणखी चढाल. मंद रिव्हर्स, सगळी माणसं खोल पाण्याच्या बाजूला, आणि काठीने तळाला रेटा. काठी अंगासमोर धरू नका, बाजूला धरा.

कुणी पाण्यात पडलं तर आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद. पंखा हा खरा धोका आहे. त्याच्यामागे उडी मारू नका. कालवा सहसा कंबर-छातीएवढाच खोल असतो, 'उभा राहा' म्हणून ओरडा आणि दोरी टाका. लॉकमध्ये पडलं तर सगळी पॅडल ताबडतोब बंद. बाहेर आल्यावर गरम पाण्याने आंघोळ हवीच: मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची भीती असते तो लेप्टोस्पायरोसिस इथेही उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो. हाताला खरचटलेलं असेल तर चिकटपट्टी आणि हातमोजे घाला.

मुलांनी बोट चालू असताना छतावर बसायचं नाही, पूल फार बुटके आहेत, आणि पाय बाहेर सोडून बसायचं नाही.

चूल, पाणी, वीज

शेगडी गॅसची असते, त्यामुळे कुकर आणि तवा आरामात चालतो. इन्स्टंट पॉट, इंडक्शन आणि इलेक्ट्रिक किटली घरीच ठेवा. बोटीवरची वीज बॅटऱ्यांतून येते, आणि त्या इंजिन चालतं तेव्हा भरतात. मिक्सर लावायचा तर इंजिन चालू असताना, मिनिटभर. वाटणं घरून गोठवून नेलीत तर प्रश्नच नाही. बांधलेल्या बोटीत रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे, तेव्हा फोन दिवसा चार्ज करा.

मोरीतलं आणि आंघोळीचं पाणी थेट कालव्यात जातं. तळणीचं तेल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात टाका. ताटं आधी कागदाने पुसा. लोखंडी बंब-शेगडी पेटवलीत तर खिडक्यांवरच्या झरोक्यांना कापड कोंबून थंडी अडवू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याचा अलार्म दाबून वाजतो का ते पहिल्याच दिवशी पाहा.

पाण्याची टाकी दर दुसऱ्या दिवशी भरा. अर्धा ते एक तास लागतो, तेवढ्यात जेवण उरकतं. संडास दोन प्रकारचे. कॅसेटचा डबा चौघांना दीड-दोन दिवस पुरतो आणि मग ठरलेल्या जागी स्वतः रिकामा करावा लागतो. पंप-आउटची, म्हणजे पंपाने उपसायची, टाकी सहसा आठवडा काढते. कुठला आहे ते बुकिंग करताना विचारा. कॅसेट असेल तर रिकामं करायच्या जागा आधीच नकाशावर खूण करून ठेवा, कारण त्या दर गावाला नसतात.

बोट परत द्यायची वेळ बहुधा सकाळी ९ च्या सुमाराची असते. आदल्या संध्याकाळी बोट जिथे परत द्यायची त्या जागेपासून तासाभराच्या आत, मधे लॉक नसेल अशा जागी येऊन बांधा. विंडलस, मेखा आणि किल्ली त्याच संध्याकाळी मोजा. काहीतरी शेवटच्या लॉकवर राहिलेलं असतं, आणि ते आणायला पायवाटेने चालत जायला तेव्हा अजून उजेड असतो.